गच्चीवर ऊन, घरात पंखा बंद

गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीचा वार. एप्रिलमधल्या अशाच एका गुरुवारी सकाळी दहाला खडकीतल्या आमच्या गल्लीची लाइट गेली. दहा ते दोन बंद राहील असा निरोप आदल्या दिवशीच मोबाइलवर आला होता, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही. केली ती फक्त शेजारच्या काकांनी. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस. फंडाच्या पैशातून गेल्या दिवाळीत त्यांनी गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं बसवून घेतली. तेव्हापासून आदल्या दिवशी किती युनिटं झाली ते मोबाइलवर बघितल्याशिवाय त्यांचा सकाळचा चहा होत नाही. त्या गुरुवारी गच्चीवर ऊन असं, की धुणं तासाभरात वाळून कडक व्हावं. आणि खाली काका वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसलेले.

“वर माझ्या मालकीचं पॉवर हाऊस आहे,” ते म्हणाले, “आणि खाली माझा एक पंखा फिरत नाही. ह्याला काय म्हणायचं?”

जिन्याशेजारच्या भिंतीवर सोलरच्या इन्व्हर्टरचा पांढरा डबा होता. त्यावर लाल दिवा लागलेला आणि खाली अक्षरं: ग्रिड नाही. म्हणजे डबा जिवंत होता, पॅनेलांकडून त्याला वीज मिळत होती, पण ती घरात सोडायला तो तयार नव्हता. पॅनेल बसवणाऱ्यानं काकांना ही गोष्ट सांगितलीच नव्हती. बऱ्याच जणांना ती पहिल्यांदा लाइट जाते तेव्हाच कळते.

यात बिघाड काहीच नाही. आपल्या तारांमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, आणि घरोघरचे हे सोलरचे साधे इन्व्हर्टर त्या हेलकाव्याला जुळवून घेऊनच चालतात. तंबोऱ्यातला सा कानावर आला तरच सूर लावणारा गवई असावा, तसे. तंबोरा थांबला की हेही दोन सेकंदांच्या आत गप्प. ही सक्ती मुद्दाम घातलेली आहे. तार बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याच वेळी काकांच्या गच्चीवरून त्या तारेत वीज शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

तंबोरा नसतानाही स्वतःचा सा धरू शकणारा इन्व्हर्टर मिळतो. त्याला हायब्रिड म्हणतात. लाइट गेली की तो आधी घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मग घरापुरता सूर लावतो. पण ढग आला की पॅनेलं क्षणात मंदावतात आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मागणी क्षणात उसळते. हे चढउतार झेलायला त्याला बहुतेक वेळा पाठीशी बॅटरी लागते. म्हणून काकांचा पुढचा प्रश्न ओघानंच आला. “मग बॅटरी घेऊन टाकू का?”

मी म्हटलं, पैशाचा हिशोब करायचा असेल तर नको. काकांना उत्तर आवडलं नाही. मग आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली.

पुण्यात एक किलोवॉटची पॅनेलं स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारेक युनिटं देतात. काकांची तीन किलोवॉटची रोज बाराच्या आसपास. दिवसा घरात दोघंच, त्यामुळे फार तर तीन युनिटं जागीच खपतात. उरलेली नऊ मीटरमधून बाहेर जातात आणि रात्री लागतील तशी परत येतात. महिनाअखेरीला आत आलेली वजा बाहेर गेलेली, एवढ्याचंच बिल. हेच नेट मीटरिंग. महाराष्ट्रात त्याचे सध्याचे नियम राज्य वीज नियामक आयोगानं २०१९ मध्ये केले. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हाही काही शिल्लक राहिली तर ती आयोगानं ठरवलेल्या, घाऊकसारख्या दरानं विकत घेतली जाते.

म्हणजे काकांकडे बॅटरी आहेच. ती जिन्याखाली दिसत नाही, एवढंच. ही पतपेढी अशी, की दुपारी नऊ युनिटं ठेवली तर रात्री नऊच्या नऊ मिळतात. घरातल्या बॅटरीत पाच युनिटं भरली तर हातात येतात साडेचार. बाकीची उष्णता होऊन जातात. शिवाय एप्रिल-मेची बचत जुलै-ऑगस्टमध्ये काढायची सोय कोणत्याच घरगुती बॅटरीत नाही. आषाढात खडकीचं आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही आणि पॅनेलं पेंगतात, तेव्हा उन्हाळ्यात जमा केलेली युनिटंच कामी येतात. पाच युनिटांची बॅटरी जेमतेम एका रात्रीची. पावसाळ्यापुढे ती काय पुरणार?

अशी बॅटरी, लिथियमची, आज लाखाच्या आसपास पडते. हायब्रिड इन्व्हर्टर वेगळा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण ते पॅनेलांच्या क्षमतेवर. बॅटरीसाठी त्यात वेगळा पैसा नाही. नेट मीटर असताना बॅटरी दर महिन्याला वाचवून देते शून्य रुपये. भरताना-काढताना जे गळतं ते धरलं तर उणेच.

“पण ते नवीन मीटर?” काकांनी पेपरात वाचलं होतं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात युनिटमागे ८० पैशांची सवलत जुलै २०२५ पासून सुरू झाली. मग पॅनेलंच नसलेल्या घरानं दुपारी स्वस्त वीज बॅटरीत भरावी आणि रात्री वापरावी, असं कोणाच्याही मनात येईल. पाच युनिटांचे रोज चार रुपये सुटले. वर्षाचे १,४६०. लाखाची बॅटरी फिटायला ६८ वर्षं. काका स्वतः अडुसष्ट वर्षांचे. ते हसले आणि कागद उलटा केला.

उलट्या बाजूला मी दुसरं गणित लिहिलं, कारण पहिल्यावर विसंबून राहणंही धोक्याचं आहे. समजा उद्या नेट मीटरिंगचा नियम बदलला. बाहेर टाकलेल्या युनिटाचे तीन रुपये मिळणार आणि रात्री घेतलेल्याला अकरा मोजावे लागणार. (महावितरणचा घरगुती दर महिन्याला शंभर युनिटांपुढे वहन आकारासह दहाच्या वर जातोच.) आता बॅटरीत ठेवलेली पाच युनिटं बाहेर टाकली असती तर पंधरा रुपये आले असते, घरातच ठेवली तर साडेचार युनिटांचे साडेएकोणपन्नास वाचले. रोजचा फरक साडेचौतीस रुपये. वर्षातले उन्हाचे तीनशे दिवस धरले तर १०,३५०. तीच बॅटरी पावणेदहा वर्षांत फिटते. चांगली लिथियमची बॅटरी तेवढी टिकायला हरकत नाही. बॅटरी तीच, ऊनही तेच. बदलला तो फक्त मुंबईतल्या आयोगाच्या आदेशातला एक परिच्छेद.

हे नुसतं मानण्यावर नाही. कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्या घरांना बाहेर टाकलेल्या विजेचं मोल आधीपेक्षा सरासरी पाऊण हिश्शानं कमी झालं. त्यानंतर पॅनेलांबरोबर बॅटरी घेण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढलं. ऑस्ट्रेलियात दुपारची गच्चीवरची वीज इतकी झाली की तिला भाव उरला नाही. तिथल्या केंद्र सरकारनं १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे ३० टक्के सूट सुरू केली आणि लोकांची झुंबड उडाली. तिथले नातेवाईक फोनवर सांगतात, “आम्ही घेतली, तुम्ही का नाही?” त्यांचं बरोबर आहे आणि आपलंही. दोघांची बिलं वेगळी आहेत.

आता लाइट जाण्याबद्दल. बॅटरीची खरी किंमत इथेच आहे आणि खडकीला या विषयात सांगण्यासारखं बरंच आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली ती इथलीच. शेतातला पंप, लग्नाचा मांडव, दवाखाना, कारखाना. लाइट गेली की धडधडायला लागणारं डिझेल इंजिन कित्येक ठिकाणी खडकीचं असायचं. आमच्या पिढीला ‘बॅकअप’ म्हटलं की आधी तो आवाज आणि तो काळा धूर आठवतो.

त्याच डिझेलवर पुण्यानं एकदा एक फार हुशार गोष्ट केली होती आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत. २००५-०६ च्या सुमारास राज्यभर भारनियमन चालू होतं. इकडे पुण्याच्या कारखान्यांत डिझेल जनित्रं उभी होती, पण ती फक्त ज्याच्या त्याच्यासाठी. भारतीय उद्योग महासंघाची पुणे शाखा, महावितरण आणि आयोग यांच्यात असं ठरलं, की मागणीच्या वेळी कारखान्यांनी आपापल्या जनित्रांवर चालावं आणि त्यांच्या वाट्याची तारेवरची वीज शहराला सोडावी. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून थोडा आकार लावून भरून काढायचा. महिना ३०० युनिटांच्या आतल्या घरांना तो लागू नव्हता. २००६ मध्ये पुणं भारनियमनातून बाहेर पडलं. याला ‘पुणे मॉडेल’ म्हणत. डिझेल महाग आणि घाणेरडं, शिवाय पैसे मोजू शकणाऱ्या शहरानं सुटका करून घेतली आणि खेडी अंधारात राहिली, हा आक्षेपही तेव्हा घेतला गेला. तो मला आजही खरा वाटतो. पण त्यातली युक्ती पुढची होती. जगात आज घरोघरच्या बॅटऱ्या एकत्र जोडून त्यांना ‘आभासी वीजकेंद्र’ म्हणतात. पुण्यानं तेच काम बॅटरीशिवाय, नुसत्या समजुतीनं करून दाखवलं होतं.

त्या काळात घरात आला तो साधा इन्व्हर्टर आणि त्याची शिशाची बॅटरी. चाळीत जिन्याखाली, फ्लॅटमध्ये बाल्कनीत, प्लास्टिकच्या ट्रॉलीवर. सहा झाकणं, त्यातल्या लाल तरंगत्या काड्या खाली गेल्या की डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, आणि ते नेमकं दिवाळीच्या साफसफाईतच आठवायचं. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून कामाचं धरायचं ०.९. तीन-चार वर्षांत भंगारवाला घेऊन जातो. शिशाला भाव चांगला येतो, हा तिचा मोठा गुण. गोळा करायची आणि वितळवायची साखळी देशभर बसलेली आहे. लिथियमसाठी अशी साखळी अजून घडते आहे.

घरगुती लिथियम म्हणून आज जी मिळते तिच्यात बहुधा लोह आणि फॉस्फेट असतं. मोबाइलच्या बॅटरीची ही बहीण, पण स्वभावानं शांत: वजनाला जड, तापायला आणि पेटायला अवघड, आणि चार हजारांहून अधिक वेळा भरता येईल असं बनवणारे सांगतात. हे द्रव्य बॅटरीत चालतं हे दाखवणारा १९९७ चा शोधनिबंध टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून निघाला. त्यावर पहिलं नाव होतं अक्षय पाढी या भारतीय रसायनतज्ज्ञाचं, दुसरं नंजुंडस्वामी यांचं. गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं. पाढींचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. पुढची उडी कदाचित लिथियमशिवायची असेल. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. त्या संशोधनात पाषाणची आयसर संस्था होती. सोडियम मिठात आहे, त्यासाठी कुणाच्या खाणीपुढे हात पसरावा लागत नाही.

शांत झाली तरी बॅटरी शेवटी बॅटरीच. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य भाजून काढणं. आणि आमच्या बाजारातल्या अरुंद घरांत बाहेर पडायचा एकच जिना असतो. त्या जिन्याखाली ठेवणं त्याहून वाईट.

इथपर्यंत काकांच्या घराचं झालं. पण ती पतपेढी चालते कशी, हे त्यांना सांगितल्यावाचून मला राहवेना, कारण खरी मेख तिथे आहे. काकांची दुपारची नऊ युनिटं कुठे साठून राहत नाहीत. ती त्याच क्षणी पलीकडच्या दुकानाच्या फ्रिजरमध्ये खपतात. रात्री त्यांच्या घरी येते ती चंद्रपूर नाहीतर कोराडीच्या कोळशाची वीज. नेट मीटर ही हिशोबातली बॅटरी आहे, खरी नव्हे. पतपेढीत ठेव ठेवणारे थोडे असतील तोवर हे चालतं. सगळ्यांनीच दुपारी ठेवायला आणि संध्याकाळी सातला काढायला रांग लावली, तर कुणालातरी खरोखर साठवावं लागणार. सूर्यघर योजनेचं लक्ष्य देशात एक कोटी घरांचं आहे. शेतीच्या पंपांना दिवसा वीज देण्यासाठी महाराष्ट्रात सौर प्रकल्पांचं मोठं काम चालू आहे ते वेगळंच. आणि कोळशाचं जनित्र काही बटण दाबून बंद करता येत नाही. पंचावन्न टक्क्यांच्या खाली उतरवताना त्याला त्रास होतो, संध्याकाळी पुन्हा पळवताना आणखी.

साठवण लागणार हे नक्की. प्रश्न ती काकांच्या जिन्याखाली असावी की आणखी कुठे. माझं मत स्पष्ट आहे: खडकीसारख्या ठिकाणी ती आधी उपकेंद्रात असावी, नाहीतर डोंगरात. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीचा उभा कडा हीच तिथली बॅटरी, आणि ती काही वर्षांनी भंगारात जात नाही. अशाच आणखी प्रकल्पांसाठी टाटा पॉवरनं ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला, त्यात पुणे जिल्ह्यातल्या शिरवत्याचा १,८०० मेगावॉटचा आहे. बॅटऱ्यांची मोठी केंद्रंही स्वस्त होत चालली आहेत. २०२२ मध्ये केंद्राच्या निविदेत एका मेगावॉटच्या साठवणीचं महिन्याचं भाडं १० लाख ८३ हजार रुपये निघालं होतं. २०२४ संपता संपता, सरकारी मदत धरून, काही निविदांत ते अडीच लाखांच्या खाली आलं. उपकेंद्रातली बॅटरी हजार घरांच्या कामी येते, रोज पूर्ण भरते आणि रोज पूर्ण रिकामी होते. काकांची मात्र सहा-सात गुरुवार सोडले तर वर्षभर नुसती भरून बसेल.

त्यात खडकीची रचनाच अशी आहे, की घरगुती बॅटरीचा विचार मूठभरांनीच करावा. रेंज हिल्सच्या क्वार्टरांत राहणाऱ्याची गच्ची त्याची नाही. लष्करी वसाहतींत वीज एमईएस या लष्कराच्याच अभियांत्रिकी सेवेमार्फत येते, तिथला हिशोबच निराळा. जुन्या बंगल्यांची जमीन सरकारची आणि डोक्यावर पर्जन्यवृक्षांची सावली. बाजारातल्या इमारतींत एका गच्चीवर सहा कुटुंबांचा हक्क आणि आठांच्या टाक्या. उरले काकांसारखे, स्वतःची गच्ची असलेले.

यातही अपवाद आहेतच. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशिनवर आहेत. त्यांच्या घरी बॅटरी वर्षानुवर्षे फिटली नाही तरी चालेल. तिथे माझं उलट्या-सुलट्या बाजूचं गणित मांडणं हा उद्धटपणा ठरेल. आइस्क्रीमचा फ्रिजर असलेला दुकानदार, घरून रात्रपाळी करणारी मुलगी, यांनाही ती परवडू शकते, कारण त्यांचं गेलेल्या तासाचं नुकसान मोजता येतं. काकांचं गेलेल्या तासाचं नुकसान म्हणजे घाम.

तर आम्ही घामाचा हिशोब केला. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा तिसाच्या आत. असे दोन पंखे, वायफायचा डबा, दोन बल्ब मिळून नव्वदेक वॉट. चार तासांचं अर्धं युनिटही होत नाही. फ्रिज दार न उघडता चार तास थंड राहतो. पंप सकाळी नऊनंतर चालवून टाकी भरून ठेवली की पाण्याचीही चिंता नाही; गच्चीवरची टाकी हीच घरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनी साठवण. पाच युनिटांच्या लाखाच्या बॅटरीऐवजी दोन पंखे बदलायचे आणि सव्वा युनिटाची छोटी लिथियमची बॅटरी असलेला साधा इन्व्हर्टर घ्यायचा. जिन्याशेजारच्या पांढऱ्या डब्याला हातही लावायचा नाही. आणि नियम बदलले तर तेव्हाच्या भावात तेव्हाची बॅटरी घ्यायची. ती आजच्यापेक्षा महाग असेल असं मला वाटत नाही.

काकांनी पंधरा दिवस दुकानं पालथी घातली, दोन ठिकाणी घासाघीस केली आणि आणलं. जोडून झाल्यावर मेन स्विच पाडून दाखवायला वायरमन तयार होता. काकांनी नको म्हटलं, खरी लाइट जाईल तेव्हाच बघू. पुढच्या बुधवारी निरोप आला: उद्या दहा ते दोन. गुरुवारी साडेनवालाच त्यांनी पंख्याखाली खुर्ची ओढली, काकूंना चहा टाकायला सांगितलं, मलाही हाक मारून बोलावलं. दहा वाजले. सव्वादहा झाले. अकराला दुसरा निरोप आला, दुरुस्तीचं काम पुढे ढकललं आहे. लाइट गेलीच नाही. काका तसेच पंख्याकडे बघत बसले होते.